काट्यावरचा रुमाल

"रांगेने या! ढकलाढकली करू नका! काट्याचं दर्शन सगळ्यांना मिळेल!"

गाडीतळामागच्या मैदानात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एक निळी व्हॅन संथपणे गोल गोल फिरत होती. कधी उजाडलं आणि कधी ती फिरायला लागली, कोणी सांगू शकत नव्हतं. चार-सहा फेऱ्या झाल्या की ती थांबायची, इंजिन मात्र चालूच, आणि मग लोक एकेक करून खिडकीतून आत डोकावायचे. आत डिझेलचा काटा अगदी तळाला टेकलेला. टाकी रिकामी! तरी गाडी चालतेय! म्हातारे हात जोडत होते, ड्रायव्हर लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते आणि एक बाई तर काट्याकडे बघून चक्क रडत होती.

व्हॅनच्या मागच्या सीटवर शून्य महाराज डोळे मिटून बसले होते. पांढरे कपडे, पांढरे बूट. ते फारसं बोलत नसत. बोलायचं खातं त्यांच्या माइकवाल्या शिष्याकडे होतं आणि तो दोघांची कसर भरून काढत होता.

"इंधन म्हणजे काय? भ्रम! टाकी म्हणजे काय? पोकळी! आणि पोकळीत काय असतं, मंडळी? सगळं असतं! ज्याने शून्य ओळखलं त्याला कोणत्या पंपाची गरज?"

लोक टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत. मला एका जागी फार वेळ उभंही राहवत नाही, आणि मूर्खपणा ऐकताना तर मुळीच नाही. पण निघून जाता येत नव्हतं, कारण रांगेत सगळ्यात पुढे माझा दादा उभा होता.

दीक्षेचे नियम सोपे होते. आपल्या गाडीच्या काट्यावर पांढरा रुमाल बांधायचा. काट्याकडे पाहायचं नाही. पाहणं म्हणजे संशय आणि संशय म्हणजे टाकीला भोक. महाराजांचा काटा मात्र वाटेल तितक्या वेळा पाहावा, त्याने पुण्य लागतं. मग महाराजांच्या कृपेने जे डिझेल वाचेल ते कॅनमध्ये भरून त्यांच्या चरणी अर्पण करायचं. मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली अशा कॅनचा ढीग लागला होता. ज्याला इंधन लागतच नाही तो इंधनाचं करतो काय, हा प्रश्न त्या अख्ख्या मैदानात एकालाही पडला नव्हता. मी तो शेजारच्या रिक्षावाल्याला विचारला, तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. तुमच्यामुळे लहरी बिघडतात."

मला दादाची काळजी का होती ते सांगते. मी डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ आहे. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त आमचं मशीन शुद्ध करतं. असे पेशंट डोंगरापलीकडच्या वस्तीतून आणायचे आणि परत सोडायचे, हे काम दादाच्या व्हॅनचं. मध्ये एक मोठा चढ आहे, तिथे ना वस्ती, ना मोबाइलला रेंज. त्या व्हॅनमध्ये दादाच्या शेजारच्या सीटवर जी पेशंट बसते ती आमची आई. तिचं डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, ते छातीत चढतं आणि तिला श्वास घेता येत नाही. एकदा मी ते पाहिलंय. पुन्हा पाहायचं नाही, एवढंच मला कळतं.

घरी मी दादाशी भांडले. जेवताना भांडले, हात धुताना भांडले, तो चप्पल घालत असताना दाराशी उभी राहून भांडले.

"अगं, मी स्वतः अनुभव घेतलाय," तो म्हणाला. "रुमाल बांधला तेव्हाच काटा तळाला होता, तरी पुलापासून थेट केंद्रापर्यंत आलो. एकदा नाही, कितीदा!"

"प्रत्येक टाकीत काट्याच्या खाली थोडं डिझेल उरतंच, दादा. गाडी बनवणारे मुद्दाम तसं ठेवतात. तुझ्यासारख्या शहाण्यांसाठीच ठेवतात."

"मग आधी कधी का चालली नाही अशी?"

"कारण आधी काटा खाली आला की तू मुकाट्याने पंपावर जायचास! कधी पाहिलंस पुढे जाऊन?"

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. आईच मध्ये पडली. "पुरे गं. तो गाडी चालवतो का तू? त्याला कळतं."

आईचं हे नेहमीचंच. दादाने दिवसाला रात्र म्हटलं तर ही अंथरूण घालेल.

मी गाडीतळावर जाऊन इतर ड्रायव्हरांना विचारून पाहिलं. कोणाची गाडी बंद पडली का रे? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. कोणाचीच नाही! पण एक गोष्ट मला सारखी खुपत होती. त्या दिवसांत रस्त्याने जिकडे पाहावं तिकडे ड्रायव्हर लोक हातात कॅन घेऊन पायी चाललेले दिसायचे. भर उन्हात, घामाघूम. "काय हो, पायी?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "महाराजांना अर्पण करायला चाललोय." आता मैदान गावाच्या एका टोकाला आणि यातले निम्मे लोक दुसऱ्या टोकाला, पंपाकडून हमरस्त्याकडे चाललेले. पण विचारणार कोण? ज्याची गाडी बंद पडली त्याने काटा पाहिला असणार, म्हणजे तो संशयी. चारचौघांत संशयी ठरण्यापेक्षा चार मैल चाललेलं बरं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर मुठीत कॅन होता.

मग तो दिवस आला.

मशीन तयार होतं. नळ्या लावून झाल्या होत्या. तिन्ही खुर्च्यांवर स्वच्छ चादरी घातल्या होत्या, एक आईची, एक टेलरकाकांची, एक हेडबाईंची. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर विज्ञान शिकवलं. "मूत्रपिंडं गेली, पण डोकं अजून चालू आहे" असं त्या स्वतःच म्हणतात. व्हॅन यायची वेळ झाली. टळली. मी खिडकीशी गेले, परत आले, मशीन पुन्हा तपासलं, पुन्हा खिडकीशी गेले. दादाला फोन लावला. लागला नाही. आईला लावला. लागला नाही. रस्त्यावरून दादाच्या व्हॅनसारखी एखादी पांढरी गाडी आली की माझा जीव वर यायचा आणि ती पुढे निघून गेली की खाली जायचा.

"तू अशी फिरत राहिलीस तर मलाच चक्कर येईल," डॉक्टर म्हणाल्या. पण त्यांचंही लक्ष घड्याळाकडेच होतं. शेवटी त्यांनी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली. "जा. छोटा ऑक्सिजन सिलिंडर बरोबर घे."

मी निघाले. गाव मागे पडलं, पंप मागे पडला, चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर एक माणूस पाठमोरा दिसला. पायी. हातात कॅन. शर्ट पाठीला चिकटलेला.

मी स्कूटर त्याच्या पुढ्यात आडवी घातली. "काय दादा, अर्पण का?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला त्याला झोडपून काढावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून रडूही येत होतं. "बस मागे," मी म्हटलं.

माथा ओलांडल्यावर, पलीकडच्या वस्तीकडून वर येणाऱ्या चढाच्या ऐन मध्यावर व्हॅन उभी होती. आई पुढच्या सीटवर दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून पुढे वाकून बसली होती. पावलं सुजून चपलेबाहेर आली होती. प्रत्येक श्वासाला घरघर. मी सिलिंडर लावला, मास्क बसवला, पाठीवरून हात फिरवत राहिले. दादाने कॅन ओतला. नुसतं ओतून भागत नाही, डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा धरते. तो बॉनेट उघडून हातपंप मारत राहिला.

आईने मास्क जरासा बाजूला केला. "त्याला काही बोलू नकोस हं. माझीच चूक आहे. मीच रुमाल वर करून पाहिलं."

दादाचे हात थांबले. त्याने मान वर केली. खरं सांगते, त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "बघ!" तो मला म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? पाहिलं की संपलं!"

आईला धाप लागली होती आणि तिच्या लेकाला महाराज बरोबर ठरल्याचं समाधान वाटत होतं. मी काहीतरी भयंकर बोलणार, तेवढ्यात मागून हेडबाईंचा आवाज आला. त्यांनाही दम लागत होता, पण आवाज वर्गातलाच.

"थांबा. मी यांच्या बरोबर मागे बसले होते. यांनी रुमाल उचलला तो गाडी बंद पडल्यावर. तू कॅन घेऊन खाली उतरून गेलास, तेव्हा. आधी नाही."

दादाने आईकडे पाहिलं.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, तेव्हा लोक कावळ्याला दोष देतात," हेडबाई म्हणाल्या. "इथे तर फांदी आधी तुटली, कावळा नंतर आला. आणि दोष तू कोणाला देतोयस? आईला?"

"पण बाई, खाली सपाटीवर तर नीट चालत होती..."

हेडबाईंनी आपली पाण्याची बाटली काढली. पेशंटला पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे तिच्या तळाशी घोटभरच होतं. त्यांनी ती आडवी धरली, मग चढाच्या दिशेने तिरकी केली. सगळं पाणी मागच्या टोकाला जमा झालं. "डिझेल ओढणारी नळी इथे, मध्ये. उरलेलं डिझेल गेलं तिकडे, मागे. सपाटीवर नळीला चार थेंब मिळतात, चढावर हवा मिळते. यात कोणाच्या पाहण्याचा काय संबंध?"

दादा त्या बाटलीकडे बघत उभा राहिला. टेलरकाका म्हणाले, "अरे बाबा, आधी गाडी चालू कर, धडा नंतर घे." गाडी चालू झाली.

आई वाचली. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी दादाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. तो परत आला तेव्हा आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला आणि मशीन बंद होईपर्यंत उठला नाही. मी त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते. शेवटी मी विचारलं, "पटलं का आता?"

"चढावर का बंद पडली ते पटलं," तो हळूच म्हणाला. "पण महाराजांची व्हॅन? ती तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते. तिचं काय?"

बघा, माणसाचा विश्वास असा चिवट असतो. मी कपाळाला हात लावला. पण हेडबाई शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "प्रश्न अगदी योग्य आहे. आपण तो महाराजांनाच विचारू."

पुढच्या मेळाव्याला आम्ही सगळे गेलो. हेडबाई काठी टेकत, आई माझ्या हाताला धरून, आणि दादाच्या हातात डिझेलचा भरलेला कॅन. तीच गर्दी, तीच रांग, तोच माइक. व्हॅन दर्शनासाठी थांबली तशा हेडबाई पुढे गेल्या आणि त्यांनी महाराजांना नमस्कार केला.

"महाराज, माझं वय झालं, आजारीही आहे. एकच इच्छा आहे. तुमची रिकामी टाकी माझ्या हाताने भरावी."

माइकवाला गडबडला. "माताजी, महाराजांच्या गाडीला इंधन लागत नाही!"

"लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण ताडपत्रीखाली कॅन ठेवता, तर टाकीत ठेवायला काय हरकत आहे?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी डोळे उघडले. "मुहूर्त नाही," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. पण भक्तांना भलताच उत्साह आला होता. म्हातारीची शेवटची इच्छा! "भरू द्या, भरू द्या!" असा गलका झाला. माइकवाल्याने काही बोलायच्या आत दादाने टाकीचं झाकण काढून नरसाळं लावलं होतं. हेडबाईंनी कॅनला हात लावला आणि दादाने तो कलता केला.

दोन घोट आत गेले. मग नरसाळं तुडुंब भरलं. मग डिझेल भळभळा बाहेर आलं, व्हॅनच्या अंगावरून ओघळलं आणि दार उघडून खाली उतरलेल्या महाराजांच्या पांढऱ्या बुटावर पडलं.

मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

"काटा बघा जरा," हेडबाई म्हणाल्या. पुढचे लोक खिडकीतून डोकावले. काटा अजून तळालाच होता.

"टाकी काठोकाठ भरली आहे. काटा म्हणतो रिकामी. मग खोटं कोण बोलतंय?"

माइकवाला हार मानणारा नव्हता. "तुमच्या मनात संशय होता! संशयाने टाकी भरली!"

"अरे वा," हेडबाई म्हणाल्या. "मग उद्यापासून सगळ्यांनी संशय घ्या. टाक्या आपोआप भरतील."

हसण्याचा असा स्फोट झाला की माइकच्या भोंग्यातूनही तोच ऐकू आला. दादा तेवढ्यात व्हॅनमध्ये शिरला होता. "कोणी काडीबिडी ओढू नका रे," असं ओरडून त्याने मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण उघडलं आणि टाकीत हात घातला. बाहेर आली ती एक बारीक दांडी, टोकाला पोकळ गोळा. त्याची तार मात्र अजून जोडलेलीच होती.

"घरच्या पाण्याच्या टाकीत असा गोळा सगळ्यांनी पाहिलाय ना?" हेडबाईंनी विचारलं. "पाणी चढलं की तो वर येतो. डिझेलच्या टाकीतही तसाच असतो. गोळा वर आला की काटा वर जातो. काट्याला डिझेल दिसत नाही, त्याला फक्त या दांडीची हालचाल कळते. आता दांडी नीट बघा. सरळ हवी, हिला वाकवून वर नेलंय. त्यामुळे टाकी भरली आणि गोळा छताला टेकला, तरी दांडीचा बुंधा खालीच राहतो. आणि काटा सांगतो, रिकामी."

दादाने गोळा हवेत धरून हळूहळू वर उचलला. खिडकीपाशी उभी असलेली आई ओरडली, "अगं बाई! काटा चढला! भरली, भरली!"

"हा घ्या दुसरा चमत्कार," हेडबाई म्हणाल्या. "हवेने टाकी भरली."

लोक आता महाराजांना शोधायला लागले. ते ताडपत्रीमागे कॅनच्या ढिगात उभे होते, डिझेलने माखलेला बूट हातात घेऊन. दोन-चार ड्रायव्हर बाह्या सरसावून निघाले, तेव्हा हेडबाईंनी काठी आडवी धरली. "कोणी हात उगारायचा नाही. त्याला चौकीत न्या. त्याने दांडी वाकवली, पण रुमाल आपण आपल्या हाताने बांधले."

तेवढ्यात दादाने माइक उचलला. मला वाटलं, आता हा भाषण करणार. त्याला चार वाक्यं धड बोलता येत नाहीत.

"माझी गाडी चढावर बंद पडली," तो म्हणाला. "माझी आई आत होती. तिला श्वास घेता येत नव्हता. ती म्हणाली की तिने काटा पाहिला म्हणून गाडी थांबली. मी ते खरं मानलं, कारण मला ते हवं होतं. तिने आधी पाहिलंच नव्हतं. मी पाहायला हवं होतं."

मग तो म्हणाला, "कॅन घेऊन मी अर्पणाला निघालो नव्हतो. पंपावरून परत येत होतो."

मग मला लहरींवरून सुनावणाऱ्या त्या रिक्षावाल्याने खाली बघत हात वर केला. "मी पण. पुलाजवळ." मागून आणखी एक हात. "मी दोनदा." आणखी एक. बघता बघता ड्रायव्हरांच्या रांगेत हातच हात झाले आणि जो तो दुसऱ्याकडे आश्चर्याने बघत होता, कारण प्रत्येकाला वाटत होतं, गाडी फक्त आपलीच बंद पडली. आई माझा हात सोडून दादाजवळ गेली आणि तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. मी दुसरीकडे बघितलं. मला रडलेलं कोणी पाहिलेलं चालत नाही.

वाचकहो, यात महाराज पकडला गेला ही मोठी गोष्ट नाही. एक गेला की दुसरा येतो, त्यांचा तुटवडा कधी पडत नाही. मला अजून अस्वस्थ करतो तो रुमाल. जो कोणी तुम्हाला सांगतो की पाहू नका, विचारू नका, मोजू नका, त्याला आधी विचारा की झाकून काय ठेवलंय. आणि तुमची गाडी बंद पडली तर ती बंद पडली असं चारचौघांत सांगा, म्हणजे मागून येणारा वेळेवर पंपावर थांबेल.

दादाच्या व्हॅनमधला रुमाल त्याने स्वतः सोडला. आता चढ सुरू व्हायच्या आधी तो आईला विचारतो, "बघ गं, काटा कुठे आहे?" आई चष्मा वर करते, वाकून नीट बघते आणि मोठ्याने सांगते, "अर्ध्याच्या वर आहे. चल." तरी व्हॅन दारात येईपर्यंत मी खिडकीशी उभीच असते.